व्याह्यांचं पिस्तूल

भिमाजीला खोटं बोलता येत नाही, असं आमच्याकडं सगळे कौतुकानं म्हणायचे. म्हणणाऱ्यांना त्याच्या शेजारी राहावं लागत नव्हतं. मी राहिलो. माझ्या सासऱ्यानं दिलेल्या घड्याळाबद्दल त्यानं भर पंगतीत जाहीर केलं, "बबनराव, यंत्र एकाचं हाय आन तबकडी दुसऱ्याची." बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. जणू घड्याळ मीच जोडलं होतं.

तो मूळचा किवळ्याचा. खडकीला एका गोऱ्या सार्जंटच्या हाताखाली शिकला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत देहूरोडच्या लष्करी डेपोत आला. मी कोठारात होतो. फळीवर माल लावायचा आणि मागितला की काढून द्यायचा, एवढंच माझं काम. त्याचं काम शिक्क्यांचं. बंदूक म्हणा, पिस्तूल म्हणा, प्रत्येक हत्याराच्या अंगावर त्याची जन्मपत्रिका ठोकलेली असते. कुठं बनलं, कुणी तपासलं, कुठल्या पलटणीत गेलं, सगळं त्यात येतं. भिमाजीला इंग्रजी चिठ्ठी वाचता येत नसे, पण तसला शिक्का तो माझ्या आधी वाचायचा.

त्याच्या खिशात तीन वस्तू कायम असायच्या. एक भिंग, एक पोलादी पट्टी आणि कागदात गुंडाळलेला बाभळीचा काटा. पट्टीची धार तो लोखंडावर उभी धरायचा आणि दिव्याच्या दिशेनं डोळा लावायचा. पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली की समजायचं, इथं खोलगट आहे, म्हणजे इथं काहीतरी होतं आणि कुणीतरी ते कानशीनं घासून काढलंय. काट्यानं तो शिक्क्याच्या तळातला मळ उकरायचा. जुन्या शिक्क्यात जुना मळ असतो, नव्यात नसतो. हे इतकं सोपं आहे की ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्यालाही जमेल. मी दहा वर्षं प्रयत्न केला, मला जमलं नाही.

पुण्याचे एक मिशाळ गृहस्थ जुनी पिस्तुलं जमवायचे. कुणाकडून तरी भिमाजीचं नाव ऐकून ते मोटारीतून त्याच्या दारात आले. दोन पिस्तुलं मखमलीत गुंडाळून आणली होती. भिमाजीनं पट्टी लावली, काटा फिरवला आणि सांगितलं की मुकुटाचा शिक्का मागाहून मारलाय, खालचा मूळचा घासून टाकलाय. गृहस्थांचा चेहरा पडला. चहा न पिताच ते उठले. भिमाजीनं त्यांच्याही वाटणीचा चहा पिऊन टाकला आणि मला म्हणाला, "मानूस बरा व्हता, पन डोळं न्हाईत."

त्याची बायको सरुबाई लवकर गेली. पोर एकुलती एक, इंद्रायणी. बहीण ठकुबाई येऊनजाऊन असायची, तिच्या मदतीनं त्यानं पोर वाढवली. लढाई संपल्यावर डेपोतला उरलेला माल सरकारनं मोडीत काढला. आठ महिने भिमाजी त्याच कामावर होता. मोडीत निघालेल्या प्रत्येक वस्तूवर शिक्का मारायचा आणि मग ती बाहेर विकली जायची. आसपासच्या गावांत घराघरांत त्या पोलादी पेट्या गेल्या. कुणी त्यात ज्वारी भरली, कुणी कपडे. माझ्या घरी दोन आहेत. भिमाजीच्या चुलीशेजारच्या पेटीत पीठ असायचं, आणि इंद्रायणी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून त्या पेटीवर पाट मांडून भाकरी थापायची.

त्रेपन्न साली इंद्रायणीचं लग्न झालं. चाकणच्या पलीकडं दोन कोसांवर यशवंतरावांचं घर. मुलगा दौलतराव, शांत, बापापुढं मान वर न करणारा. घर खातंपितं होतं, पण त्या घराची ऐट शेतीवर नव्हती, एका पिस्तुलावर होती. खडकीच्या लढाईत यांचे पूर्वज चिमाजी पेशव्यांच्या बाजूनं लढले आणि त्यांनी एका इंग्रज अंमलदाराच्या हातातून पिस्तूल हिसकावून आणलं, अशी त्या घराची गोष्ट. दर दसऱ्याला पिस्तुलाची पूजा व्हायची आणि त्यावर शेंदूर चढायचा. सव्वाशे वर्षांचा शेंदूर. ओढ्याकाठच्या म्हसोबाला जसा थर असतो, तसा त्या पिस्तुलाला होता. मूठ आणि नळीचं तोंड तेवढं उघडं.

त्या थराखाली एक चांदणी आहे, असं घरातले पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. सहा रेघांची चांदणी, पिस्तुलावरूनच उचललेली त्यांच्या घराची खूण. लग्नाच्या भांड्यांवर ती कोरलेली होती, दाराच्या चौकटीवर होती. आणि घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेच्या डाव्या मनगटावर पहिल्या दसऱ्याला ती गोंदली जायची. गोंदल्याशिवाय सुनेनं पिस्तुलाला कुंकू लावायचं नाही आणि कुंकू लावल्याशिवाय ती घरची नाही, असा रिवाज.

लग्नात आम्हाला पिस्तूल लांबूनच दाखवलं. भिमाजी मान लांब करू लागला, तेव्हा मी त्याला चिमटा काढला. पंगतीत कुणीतरी चाकणचा पाहुणा म्हणाला की खडकीचं कशावरून. भिमाजीला गप्प बसवेना. तो म्हणाला, असल्या पिस्तुलावर साल सापडलं तर कुणाची बोट ठेवायची छाती होणार नाही. यशवंतरावांनी ते ऐकलं आणि जिलबी वाढणाऱ्याला व्याह्यांकडं पाठवलं. मीही दोन जिलब्या घेतल्या आणि विसरून गेलो.

चार वर्षं गेली. इंद्रायणीला मूल झालं नाही. सत्तावन्नच्या संक्रांतीला ती माहेरी आली आणि तिला न्यायला कुणी आलं नाही. महिना झाला, दोन झाले. भिमाजी रोज संध्याकाळी डेपोतून परतताना सडकेकडं बघायचा. मी त्याला धीर द्यायचो की शेतीची कामं असतील. शेतीची कामं माझ्याही बापाच्या घरी होती, म्हणून कुणी सून विसरत नाही. मला ते माहीत होतं आणि त्यालाही.

चैत्रात यशवंतरावांची चिठ्ठी आली. ती मीच वाचून दाखवली. अठराशे सत्तावन्नच्या बंडाची शंभरी म्हणून पुण्यात जुन्या हत्यारांचं प्रदर्शन भरणार होतं. पिस्तूल तिथं ठेवायला मंडळी तयार होती, पण शिक्के खरे असल्याचा कुणा जाणकाराचा दाखला हवा म्हणत होती, आणि त्यांनी नाव सुचवलं होतं आमच्या भिमाजीचं. त्या मिशाळ गृहस्थांनीच सुचवलं असावं. पुढं लिहिलं होतं, येत्या रविवारी यावं, येताना सूनबाईंना घेऊन यावं. दाखला झाला तर त्या घरी राहतील. नाहीच झाला तर पुढचं पुढं बघू.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीचा संसार आणि लोखंडाचा तुकडा एकाच तागडीत घातला होता माणसानं. मी ताडताड बोललो. भिमाजी ऐकून घेत होता. मग म्हणाला, "शिक्का खरा असंल तर अडतंय कुठं?" मी विचारलं, आणि नसला तर? आत चुलीपुढं इंद्रायणीनं फुंकणी खाली ठेवल्याचा आवाज आला.

रविवारी आम्ही तिघं निघालो. तळेगावहून चाकणची मोटार धरली आणि पुढं बैलगाडी. गाडीत इंद्रायणी मागं बसली होती, पदर डोक्यावर, हात पदरात. एकदाच तिनं विचारलं, "आबा, काटा घेतलाय न्हवं?" भिमाजीनं खिसा चाचपून मान हलवली. मला तेव्हा त्या प्रश्नाचं काही वाटलं नाही.

यशवंतरावांनी स्वागत चांगलं केलं. सतरंजी घातली, तक्क्या दिला. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीही पीत नाही, म्हणून भिमाजी कोरडाच बसला. माझ्यावर तसली बंदी नव्हती, मी शिरा खाल्ला. दौलतराव दाराशी उभा होता. विहीणबाई गोजाबाई, इंद्रायणीच्या आत्याबाई, आतून येऊन सुनेला घेऊन गेल्या. जाताना त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, तेवढं मी पाहिलं आणि मला बरं वाटलं.

मग लाल कपड्यातून पिस्तूल आलं.

मला धक्का बसला तो इथंच. शेंदराचा तो जाड थर निम्मा गेला होता. घोड्याजवळची लोखंडी पट्टी उघडी करून तिच्यावर ताज्या शेंदराचं बोट फिरवलं होतं. यशवंतराव म्हणाले, प्रदर्शनासाठी थोडं साफ केलं, आणि बघा देवाची करणी, खाली साल सापडलं. मुकुटाचा शिक्का होता आणि त्याच्याखाली इंग्रजी आकडे, अठराशे सतरा. खडकीच्या लढाईचंच साल.

भिमाजीनं पिस्तूल कपाळाला लावलं. मग उजेडाकडं सरकला, भिंग काढलं, काटा काढला. आधी मुकुट. काट्याच्या टोकाला काळपट लाल कण आले, दगडासारखे घट्ट. ते त्यानं अंगठ्याच्या नखावर चुरडून पाहिले. मग साल. काट्यावर आला तो ओला, केशरी शेंदूर, परवाचा. त्याच्याखाली काहीच नाही, स्वच्छ लोखंड. त्यानं आकड्यांवरून बोटाचं पेर फिरवलं, मग मुकुटावरून. मुकुटाच्या कडा शेंदराखाली जायच्या आधीच्या वापरानं झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. आकड्यांच्या कडेला ठोकताना वर आलेलं लोखंड तसंच उभं होतं. मीही बोट फिरवलं. मलासुद्धा कळलं.

यशवंतरावांच्या तोंडाकडं बघायची मला लाज वाटू लागली, जणू चोरी माझी होती. गावात ज्याच्या शब्दाला मान, ज्याच्या ओसरीवर तंटे मिटतात, त्या माणसानं देवघरातल्या पिस्तुलावर घण घातला होता.

"यशवंतराव, ह्ये साल आता मारलंय," भिमाजी म्हणाला.

आवाज चढवला नाही, माझ्या घड्याळाबद्दल बोलला होता तसाच बोलला. यशवंतराव हळू म्हणाले, "पाव्हणं, साल असलं तर कुनी बोट ठेवनार न्हाई, ह्ये तुमीच म्हनला व्हता. लेकीच्या लग्नात."

भिमाजीचा चेहरा उतरला. ती जिलबी मला आता आठवली. माणसानं उगाच एक वाक्य बोलावं आणि चार वर्षांनी ते लोखंडात ठोकलेलं सापडावं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तरी त्यानं नाही म्हटलं. सालाखाली मी सही करणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. यशवंतराव म्हणाले, मग आमचंही कोडं सुटलं, सूनबाईंचं बोचकं अजून सोडलेलं नाही, तसंच गाडीत ठेवतो. दौलतरावानं एकदा बापाकडं पाहिलं आणि पुन्हा खाली बघू लागला. त्या पोराच्या थोबाडीत एक ठेवून द्यावी असं मला वाटलं. काहीतरी बोल की रे, बायको तुझी आहे.

भिमाजीनं मात्र पिस्तूल खाली ठेवलं नव्हतं. कामाला हात लागला की तो पुरं केल्याशिवाय उठायचा नाही, घरी आग लागली तरी. मुठीच्या वर अजून जुना थर होता. त्यानं काटा तिथं लावला. खपलीसारखा शेंदूर निघाला आणि खालून एक रेघ दिसली. मग दुसरी, तिसरी. तो जपून उकरत होता. घरातली ती चांदणी वर येत होती.

पुरी दिसली तेव्हा त्याचा हात थांबला. त्यानं भिंग जवळ नेलं, लांब नेलं. मग भिंग माझ्याकडं दिलं आणि पिस्तूल पुढं केलं.

मी वाकून पाहिलं. सहा रेघा होत्या खऱ्या, पण चांदणी नव्हती. वरच्या तीन रेघा एका टोकाला जुळून बाण झाला होता. खालच्या तीन जुळून दुसरा बाण. दोन बाणांची टोकं एकमेकांसमोर आणि मधे केसाएवढी फट. एक बाण म्हणजे सरकारी मालकी. त्याच्या टोकाला टोक लावून उलटा बाण मारला की मालकी संपली. मोडीत काढलेला माल, सरकारनं टाकून दिलेला, घेईल त्याला विकलेला. आठ महिने भिमाजीनं तोच शिक्का हजारो पेट्यांवर मारला होता. आमच्या घरातल्या पेट्यांवर तोच होता.

चिमाजी खडकीला लढले की नाही ते देव जाणे. हे पिस्तूल मात्र कुणाच्या हातातून हिसकावलेलं नव्हतं. सरकारनं मोडीत काढल्यावर कधीतरी कुणीतरी विकत घेतलेलं होतं. साल खोटं होतं आणि चांदणी खरी होती, आणि खरी होती तेच वाईट होतं. तो मोडीचा शिक्का या लोकांनी चौकटीवर कोरला होता. तो त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या सुनांच्या हातांवर गोंदला होता. भिमाजीच्या लेकीच्या हातावर, बांगड्यांच्या मागं, तो चार वर्षं होता. लग्न झालेल्या लेकीचं मनगट बाप कशाला निरखून बघेल?

"काय झालं?" यशवंतराव म्हणाले.

भिमाजीनं तोंड उघडलं. मला कळलं, आता हा सांगणार. त्याला दुसरं येतच नव्हतं. मी त्याचा सदरा मागून ओढला, पण त्याचं लक्ष नव्हतं.

"आबा."

माजघराच्या दारात इंद्रायणी उभी होती. त्या घरात सून सासऱ्यासमोर ओसरीच्या उंबऱ्यापर्यंतही येत नसे. यशवंतरावांनी चमकून पाहिलं. तिच्यामागं गोजाबाई होत्या, त्यांनी तिचा पदर धरला होता.

"चांदनी खरी हाय न्हवं?" तिनं विचारलं.

भिमाजी तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "खरी हाय."

"जुनी हाय?"

"जुनी हाय."

"मंग तेवढंच लिवा."

ती आत गेली. यशवंतराव सालाच्या बाबतीत पकडले गेले होते, त्यांना पाय मागं घ्यायला वाट हवी होती, ती सुनेनं दिली. ते म्हणाले, चालेल, चांदणी आमची खूण आहे, ती खरी ठरली म्हणजे झालं. दाखला मी लिहिला, माझं अक्षर बरं आहे म्हणून. या पिस्तुलावरील चांदणीची खूण अस्सल व जुनी असून ती सरकारी कोठारात मारलेली आहे. सालाचा शब्दही नाही. सरकारी कोठार म्हणजे पिस्तूल इंग्रजाचंच, म्हणून यशवंतरावांना ते पटलं. भिमाजीनं खाली सही केली. चुकीचं अक्षर एकही नव्हतं, तरी सही करताना त्याच्या कपाळावर घाम आला होता. गोजाबाईंनी आतून येऊन उघड्या चांदणीला कुंकू लावलं. त्यांचा डावा हात पुढं आला तेव्हा मनगटावर गोंदण दिसलं, जुनं, पसरून हिरवं पडलेलं. मी मान फिरवली.

निघताना इंद्रायणी वेशीपर्यंत आली, सासूनं पाठवली होती. गाडीवान बैल जुंपत होता. भिमाजी म्हणाला, त्या खुणेचा अर्थ तुला एकदा सांगायला हवा, आज नाही, पण कधीतरी.

इंद्रायणीनं बांगड्या मागं सारल्या. मनगटावर सहा रेघा होत्या, टोकांवर ठिपके, आणि मधे बारीक फट. गोंदणारणीनं जुन्या बायांच्या हातावरून जशीच्या तशी उतरवलेली.

"आबा, मला गोंदलं त्याच दिशी कळलं व्हतं," ती म्हणाली. "आपल्या पिठाच्या पेटीवर ह्योच हाय. ल्हानपनी मी त्याच्यावर पीठ टाकून बोटानं गिरवायची. तुमीच सांगितलं व्हतं, ह्यो शिक्का बसला की सरकारनं टाकून दिलं म्हनून. त्या दिशी लई रडले. ह्यांस्नी वाटलं, सुई दुखली."

गाडीत तिनं काट्याचं का विचारलं ते मला आता कळलं. चार वर्षं! ही पोर चार वर्षं दर दसऱ्याला त्या पिस्तुलाला कुंकू लावत होती. माहेरी आली की त्याच पेटीवर भाकरी थापत होती. आम्ही दोघं शहाणे, शिक्के वाचणारे, त्या लग्नात चांदणी कोरलेल्या ताटांत जेवून आलो होतो आणि आम्हाला काही दिसलं नव्हतं.

"सांगितलं का न्हाईस?" भिमाजीनं विचारलं.

"कुनाला सांगू? आत्याबाईंच्या हातावर हाय. त्यांच्या सासूच्या हातावर तर चितेवर बी व्हता. आत्याबाई आंघूळ झाली की रोज त्याच्यावर हळद लावत्यात. त्या मला कवाच वाईट बोलल्या न्हाईत, आबा. त्यांस्नी मी काय सांगू?" मग थांबून म्हणाली, "तुमी बी सांगू नगा."

ती मागं वळून न बघता गेली. गाडीत आणि पुढं चाकणला मोटार येईपर्यंत भिमाजी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसला होता, जणू त्या हातांनी काय केलं ते बघत होता. मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, आता ती कुणी उघडत नाही. त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे.

वैशाखात प्रदर्शन भरलं. भिमाजी गेला नाही, मी गेलो. काचेच्या पेटीत पिस्तूल होतं, शेजारी चिमाजींचं नाव आणि माझ्या अक्षरातला दाखला. ते मिशाळ गृहस्थ पेटीपुढं बराच वेळ उभे होते. आधी सालाचे आकडे बघून त्यांच्या भुवया आक्रसल्या, मग त्यांनी खालची भिमाजीची सही वाचली आणि मान डोलावून पुढं गेले. या माणसाची सही आहे म्हणजे बोलायची सोय नाही, असं ते शेजारच्याला सांगत होते. मला तिथं उभं राहवेना.

त्या वर्षी इंद्रायणीला दिवस गेले. बाळंतपणाला ती माहेरी आली आणि फाल्गुनात मुलगी झाली. बारशाला सासरची मंडळी येणार होती. यशवंतराव, दौलतराव, आणि गोजाबाई पहिल्यांदाच भिमाजीच्या घरात पाऊल टाकणार होत्या. त्याच्या घरी बाई म्हणजे ठकुबाई एकटी, म्हणून माझी बायको सकाळपासून तिथं होती. मी दुपारी पोचलो तेव्हा पाळणा बांधून झाला होता. घुगऱ्यांचा वास सुटला होता. गोजाबाई चुलीशेजारी बसून सुनेशी बोलत होत्या. बाळासाठी आणलेले चांदीचे वाळे त्यांनी शेजारच्या पेटीवर ठेवले होते. वाळ्यांवर चांदणी होती.

पेटी पिठाचीच होती. बोलता बोलता गोजाबाईंचा तळवा झाकणावरून फिरत होता, जन्मभर भांडी घासलेल्या बाईचा हात फिरावा तसा. मधोमध तो थांबला. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं.

"इथं खोलगट लागतंय," त्या म्हणाल्या. "काय व्हतं इथं?"

माझी नजर झाकणावर गेली. त्या जागी काय होतं ते मी बारा वर्षं बघत आलो होतो. आता तिथं तळहाताएवढी जागा पांढरी लखलखत होती आणि तिच्यावर कानशीचे आडवे ओरखडे होते. पट्टी लावायची गरजच नव्हती. शिक्का घासणाऱ्या माणसाला भिमाजी चोर म्हणायचा. खऱ्या शिक्क्याला कानस लावणाऱ्याचे हात तोडावेत, असं तो म्हणायचा. मी त्याच्याकडं पाहिलं. तो दारात उभा होता.

"गंज व्हता," भिमाजी म्हणाला. "घासून काढला."

इंद्रायणी पोरीला पाजत होती. तिनं वर पाहिलं, बापाकडं, मग पेटीकडं. तिनं पोरीला छातीशी आणखी घट्ट धरलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ठकुबाई म्हणाली, बाळंतिणीनं रडू नये. गोजाबाईंनी पदरानं तिचे डोळे पुसले.

"बरं केलंत," त्या भिमाजीला म्हणाल्या. "गंजल्या पेटीतलं पीठ खाऊ न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिमाजी माझ्याकडं आला. भिंग, पट्टी आणि कागदातला काटा, तिन्ही वस्तू त्यानं माझ्यापुढं ठेवल्या. मी विचारलं, हे काय?

"तुमच्याकडंच ठिवा, बबनराव," तो म्हणाला. "ज्यानं सोता घासलं, त्यानं दुसऱ्याचं काय बघायचं?"

मी चहा ठेवायला सांगितला. त्यानं तो घेतला आणि कामावर गेला.